नोड वाढवले तरी प्लाझ्माचे सिम्युलेशन संथच: वेळ दिसतो एकीकडे, जातो दुसरीकडे

टोकामाकमधील (चुंबकीय क्षेत्राने तप्त, विद्युतभारित वायू कोंडून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रातील) प्लाझ्माची सिम्युलेशन्स चालवणाऱ्यांच्या वाट्याला एक अडचण पुन्हा पुन्हा येते. महासंगणकाच्या ८ नोडवर (म्हणजे जोडलेल्या ८ संगणकांवर) चालणारा जॉब १६ नोडवर टाकला, तर सिम्युलेशनच्या दर १०० कालटप्प्यांना लागणारा वेळ जेमतेम घटतो आणि ३२ नोडवर तो उलट वाढतो. जीपीयू असलेले नोड मिळाले, तरी दसपट वेगाची अपेक्षा तिपटीवर येऊन थांबते. तिसरा प्रकार अधिक गोंधळात टाकणारा असतो: जॉब सुरुवातीला चांगला धावतो आणि काही हजार टप्प्यांनंतर, आपण काहीही बदललेले नसताना, मंदावत जातो. या तिन्हींवर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे आणखी यंत्रसामग्री मागणे. तो बहुधा वाया जातो, कारण वेळ जिथे खर्च होताना दिसतो, तिथे त्या खर्चाचे कारण क्वचितच असते.

पुढील विवेचन पार्टिकल-इन-सेल, म्हणजे कण आणि जाळी यांच्या जोडीने चालणाऱ्या जायरोकायनेटिक (कणांच्या चुंबकीय रेषेभोवतीच्या घिरट्यांची सरासरी घेणाऱ्या) कोडसाठी आहे. जीटीसी, एक्सजीसी आणि ऑर्ब-५ हे कोड याच कुळातले आहेत. जीन किंवा सीजायरो यांसारखे कोड कणांऐवजी पाच मितींची (स्थानाच्या तीन आणि वेगाच्या दोन) स्थिर जाळी वापरतात, त्यामुळे त्यांची दुखणी निराळी असतात आणि इथल्या सूचना त्यांना जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. कणांच्या कोडमध्ये प्रत्येक टप्प्याला चार कामे आलटून पालटून होतात. प्रत्येक कणाचा प्रभार त्याच्या आसपासच्या जाळीबिंदूंवर वाटला जातो, त्या प्रभारावरून प्वासाँचे समीकरण सोडवून विभव काढला जातो, मग जाळीवरचे क्षेत्र कणाच्या जागी मोजले जाते आणि शेवटी कण पुढे सरकवला जातो. हे चक्र लक्षात ठेवल्यास पुढचे सगळे निदान त्यावर बसवता येते.

पहिली तपासणी: इतके लहान टप्पे मुळात हवेत का?

कोडमधली एकही ओळ बदलण्यापूर्वी टाइमस्टेप (एका टप्प्यातील काळाचे अंतर) आणि जाळीचा आकार हे दोन आकडे पाहावेत, कारण सर्वांत मोठी बचत तिथे दडलेली असते. फ्रान्समधील इटर या टोकामाकची मापे घेऊ: मोठी त्रिज्या ६.२ मीटर, लहान त्रिज्या २ मीटर, अक्षावरील चुंबकीय क्षेत्र ५.३ टेस्ला. घनता दर घनमीटरला १० चा २० वा घात इतकी आणि इलेक्ट्रॉनचे तापमान १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट धरले, तर डिबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे एखाद्या प्रभाराचा परिणाम झाकला जातो ते अंतर) सुमारे ०.०७ मिलिमीटर येते आणि प्लाझ्मा वारंवारता (इलेक्ट्रॉनच्या सामूहिक आंदोलनांची वारंवारता) सुमारे ९० गिगाहर्ट्‌झ. साध्या, एक्स्प्लिसिट पद्धतीत टाइमस्टेप या वारंवारतेच्या बराच आत ठेवावा लागतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश पिकोसेकंद, आणि जाळीची पेशी डिबाय लांबीच्या आसपास ठेवावी लागते, नाहीतर प्लाझ्मा जाळीच्या दोषाने आपोआप तापू लागतो. हिशेब केला तर एका सेकंदासाठी सुमारे ३ लाख कोटी टप्पे आणि सुमारे ८३० घनमीटर प्लाझ्मासाठी २० कोटी गुणिले १ कोटी पेशी होतात. हे गणित कोणत्याही यंत्रावर चालणार नाही, त्यामुळे ते वेगवान कसे करावे हा प्रश्नच उरत नाही.

जायरोकायनेटिक पद्धतीचे महत्त्व इथे कळते. चुंबकीय रेषेभोवती कण ज्या घिरट्या घालतो, त्यांची सरासरी आधीच घेतल्यामुळे सहा मितींचा प्रश्न पाच मितींवर येतो आणि इलेक्ट्रॉनची सुमारे १४८ गिगाहर्ट्‌झची घिरटी गणितातून निघून जाते. पेशीचा आकारही डिबाय लांबीऐवजी आयनच्या घिरटीच्या त्रिज्येवरून ठरतो. वरच्याच आकड्यांत, आयनचे तापमान तेवढेच धरल्यास, ड्युटेरियमसाठी ती सुमारे २.७ मिलिमीटर येते. ज्या संक्षोभामुळे (टर्ब्युलन्समुळे) उष्णता बाहेर झिरपते, त्याची वारंवारता दहा ते काहीशे किलोहर्ट्‌झ एवढीच असते आणि आपल्याला पाहायचा असतो तो हा संक्षोभ.

तरीही अनेक इनपुट फाइलींमध्ये एक जुना, अतिसावध टाइमस्टेप कोणाकडून तरी वारशाने आलेला असतो आणि तो कोणी तपासलेला नसतो. विशेषतः इलेक्ट्रॉन गतिज स्वरूपात घेतले असतील तर हे हटकून पाहावे. ड्युटेरॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ३,६७० पट जड असल्यामुळे समान तापमानाला इलेक्ट्रॉन सुमारे ६० पट वेगाने धावतात आणि त्यांच्यासाठी निवडलेला लहान टप्पा आयनांवरही लादला जातो. आयन-तापमान-प्रवणतेने चालणारा संक्षोभ एवढाच प्रश्न असेल, तर पहिल्या फेरीत इलेक्ट्रॉन विभवाला तत्काळ प्रतिसाद देणारे, म्हणजे अ‍ॅडियाबॅटिक धरावेत. तसे शक्य नसेल, तर इलेक्ट्रॉनना उपटप्पे द्यावेत, म्हणजे क्षेत्र आणि आयन यांच्या एका टप्प्यात इलेक्ट्रॉन अनेक छोटे टप्पे घेतील आणि प्वासाँचे समीकरण मात्र एकदाच सुटेल. टाइमस्टेप दुप्पट करून संक्षोभाच्या वाढीचा दर तोच येतो का, ही चाचणी एका दुपारचे काम आहे, पण पुष्कळ जण ती करत नाहीत.

वेळ मोजताना होणाऱ्या दोन चुका

टाइमस्टेप योग्य आहे अशी खात्री झाल्यावर वेळ मोजावा, आणि तोही चक्रातील चारही कामांसाठी वेगवेगळा. इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा एमपीआयचा, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रोसेसमधील संदेशांच्या व्यवस्थेचा. प्रत्येक प्रोसेसने आपापल्या कणांचा प्रभार वाटला की सर्वांची बेरीज करण्यासाठी सामूहिक संदेश पाठवला जातो, आणि सर्वांत मागे राहिलेली प्रोसेस येईपर्यंत बाकीच्या तिथेच ताटकळतात. टायमर या ताटकळण्याची नोंद बेरजेच्या किंवा सॉल्व्हरच्या (प्वासाँचे समीकरण सोडवणाऱ्या भागाच्या) नावावर करतो. मग माणूस दोन आठवडे सॉल्व्हर सुधारत बसतो. प्रत्यक्षात दोष असतो काही प्रोसेसकडे जास्त कण गेल्याचा. घनता मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असल्यामुळे, समान आकारमानाचे तुकडे पाडले की ही विषमता आपोआप तयार होते. म्हणून सामूहिक संदेशाच्या अगोदर एक बॅरियर (सर्व प्रोसेस पोहोचेपर्यंत थांबवणारी आज्ञा) घालावा आणि बॅरियरवर गेलेला वेळ स्वतंत्र मोजावा. तो लक्षणीय असेल, तर संदेश आणि सॉल्व्हर निर्दोष आहेत. कणांची वाटणी बदलायला हवी. निदान झाल्यावर बॅरियर काढून टाकायला मात्र विसरू नये.

दुसरा सापळा जीपीयूचा. सीपीयू जीपीयूला काम सांगतो आणि ते पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढे जातो, त्यामुळे कण सरकवण्याच्या फंक्शनभोवती लावलेला टायमर जवळपास शून्य दाखवतो आणि सगळा वेळ पुढच्या पहिल्या प्रतीक्षेच्या ठिकाणी, बहुधा एखाद्या निरुपद्रवी कॉपीच्या ओळीवर, जमा होतो. टायमर बंद करण्यापूर्वी जीपीयूचे काम पूर्ण होईपर्यंत थांबले नाही, तर सगळा तक्ता निरर्थक ठरतो.

खरे आकडे हाती आले की १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला हिशेब लावून पाहावा. समजा कणांची कामे ८० टक्के, सॉल्व्हर १२ टक्के आणि नोंदी ८ टक्के वेळ घेतात. कणांची कामे जीपीयूमुळे दहापट वेगवान झाली, तर पूर्वीच्या १०० एककांच्या जागी ८ अधिक १२ अधिक ८, अशी २८ एकके लागतात. एकूण वेग साडेतीन पटींच्या आसपास येतो आणि एरवी नगण्य वाटणारा सॉल्व्हर आता ४३ टक्के वेळ खातो. दसपट जीपीयू घेऊनही तिप्पटच वेग का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

फुकटात मिळणारा वेग: थ्रेड कुठे बसले आहेत?

कोडला हात न लावता सर्वाधिक वेळा फरक पडतो तो इथे. नोडवर ४८ कोअर आहेत, ४ प्रोसेस आणि प्रत्येकी १२ थ्रेड (एका प्रोसेसमधील समांतर धागे) मागितले आहेत, कागदावर सगळे बरोबर आहे, पण बांधणीची आज्ञा चुकल्यामुळे एका प्रोसेसचे बाराही थ्रेड एकाच कोअरवर दाटीवाटीने बसलेले असतात. जॉब चालू असताना नोडवर जाऊन टॉप किंवा एचटॉप उघडावे. मोजकेच कोअर १०० टक्क्यांवर आणि बाकीचे रिकामे दिसले, तर रोग सापडला. स्लर्ममधील (नोडवर जॉब वाटणाऱ्या प्रणालीतील) सीपीयू-बाइंड आणि ओपनएमपीचे (थ्रेड चालवणाऱ्या व्यवस्थेचे) प्रोक-बाइंड व प्लेसेस हे पर्याय स्पष्ट शब्दांत लिहावेत, कारण प्रत्येक क्लस्टरवर मूळ ठरावीक वर्तन वेगळे असते आणि एका यंत्रावरची स्क्रिप्ट दुसऱ्यावर नेताना हीच गोष्ट गुपचूप बदलते. पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतील एखाद्या यंत्रावरून परदेशातील यंत्रावर किंवा उलट जाताना हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

त्याला जोडूनच मेमरीची जागा तपासावी. लिनक्समध्ये अ‍ॅरेची मागणी केल्याक्षणी खरी मेमरी मिळत नाही. ज्या थ्रेडने मेमरीचे पान प्रथम लिहिले, त्याच्या सॉकेटजवळ (म्हणजे प्रोसेसर चिपजवळ) ते पान ठेवले जाते. कणांचे अ‍ॅरे मुख्य थ्रेडने एकट्याने शून्य करून ठेवले असतील, तर सगळे कण एकाच सॉकेटच्या मेमरीत जातात आणि दुसऱ्या सॉकेटचे कोअर आयुष्यभर दूरच्या मेमरीतून वाचत राहतात. प्रारंभीचे शून्य करण्याचे लूपही पुढच्या कामाच्याच पद्धतीने थ्रेडमध्ये वाटले की ही अडचण सुटते.

सुरुवातीला वेगवान, नंतर संथ

या लक्षणामागे बहुधा कणांची विस्कळीत मांडणी असते. सुरुवातीला कण मेमरीमध्ये जाळीच्या क्रमाने ठेवलेले असतात, त्यामुळे लागोपाठचे कण लागोपाठच्या जाळीबिंदूंना स्पर्श करतात आणि ते बिंदू कॅशेमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) तयार सापडतात. पण १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाला ड्युटेरॉन सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटर धावतो. थोड्याच वेळात यादीतील शेजारी प्लाझ्माच्या दोन टोकांना पोहोचतात आणि प्रत्येक कणासाठी जाळीचा वेगळाच कोपरा मुख्य मेमरीतून आणावा लागतो. गणित तेवढेच राहते. वाढते ती मेमरीची वाट पाहण्याची वेळ.

परंतु संथ होण्याला मेमरीची गळतीही कारण असू शकते, आणि दोन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. ती वेगळी काढण्याची एक सोपी युक्ती आहे. जॉब मंदावल्यावर चेकपॉइंट घ्यावा, थांबवावा आणि तिथूनच पुन्हा सुरू करावा. चेकपॉइंटमध्ये कण आहेत त्याच विस्कळीत क्रमाने लिहिले जातात, म्हणून दोष मांडणीचा असेल तर नवा जॉब पहिल्या टप्प्यापासून संथच चालेल. तो पुन्हा ताजातवाना धावला, तर गळती किंवा न मिटवलेले तात्पुरते अ‍ॅरे शोधावेत.

मांडणीचा दोष ठरल्यास कण पेशीच्या क्रमांकानुसार लावून घ्यावेत. पेशीक्रमांक हे मर्यादित पूर्णांक असल्यामुळे इथे मोजणीने लावण्याची पद्धत पुरते आणि तिचा खर्च कणांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतो. किती टप्प्यांनी लावावे याला सार्वत्रिक उत्तर नाही. १०, २० आणि ५० टप्प्यांचे अंतर ठेवून तीन छोटे जॉब चालवावेत आणि लावण्याचा खर्च धरून एकूण वेळ ज्यात कमी, तो आकडा घ्यावा.

एक दुर्मीळ अपवादही नोंदवून ठेवतो. एकेरी अचूकतेत (३२ बिटांच्या संख्यांनी) चालणाऱ्या कोडमध्ये क्षीण होत जाणाऱ्या लहरींची मूल्ये इतकी लहान होऊ शकतात की प्रोसेसर त्यांना सबनॉर्मल संख्या म्हणून वेगळ्या, संथ मार्गाने हाताळतो. कंपायलरचा फ्लश-टू-झीरो पर्याय चालू केला आणि वेग एकदम पूर्ववत झाला, तर कारण हेच समजावे.

नोड वाढवूनही वेग न वाढण्याची कारणे

जीटीसीसारख्या कोडमध्ये प्लाझ्माचे तुकडे मूलतः टोरॉइडल दिशेने, म्हणजे प्लाझ्मा मेदूवड्यासारखा धरला तर त्याच्या फोडींप्रमाणे, पाडले जातात. अशा फोडी ३२ किंवा ६४ इतक्याच असतात, कारण चुंबकीय रेषेच्या दिशेने संक्षोभ लांबट असतो आणि त्याहून बारीक फोडींनी भौतिकीत काही भर पडत नाही. त्यापुढे प्रोसेस वाढवल्या की एका फोडीतील कण अनेक प्रोसेसमध्ये वाटले जातात, पण त्या फोडीच्या जाळीची संपूर्ण प्रत प्रत्येकीकडे राहते. प्रोसेस दुप्पट केल्यावर प्रत्येकीचे कण निम्मे होतात. जाळीच्या बेरजेचा संदेश मात्र तेवढाच मोठा राहतो आणि त्यात सामील होणाऱ्या प्रोसेस वाढतात. अशा ठिकाणी प्रोसेस कमी करून थ्रेड वाढवावेत, म्हणजे जाळीच्या प्रतीही घटतात आणि संदेशही. जाळी खरोखरच मोठी असेल, तर त्रिज्येच्या दिशेनेही तुकडे पाडणारी आवृत्ती वापरावी. जीटीसी-पीमध्ये हेच केले आहे.

सॉल्व्हरबाबत तीन गोष्टी पाहाव्यात. डेल्टा-एफ पद्धतीत (जिथे कणांवर वितरणाचे फक्त विचलन वाहिले जाते) प्वासाँच्या समीकरणातील ध्रुवीकरणाचे पद पार्श्वभूमीच्या घनतेवरून घेतले असेल, तर मॅट्रिक्स संपूर्ण जॉबभर बदलत नाही. मग मल्टिग्रिडची (जाळीच्या अनेक पातळ्यांवर समीकरण सोडवणाऱ्या पद्धतीची) पूर्वतयारी एकदाच व्हायला हवी. ती प्रत्येक टप्प्याला नव्याने होत असल्याचे मी एकाहून अधिक कोडमध्ये पाहिले आहे आणि कोणाच्या ते लक्षातही आलेले नव्हते. दुसरे, प्रारंभीचा अंदाज शून्य न घेता मागील टप्प्याचा विभव घ्यावा. तिसरे, कणांमुळे येणारा सांख्यिकीय गोंगाट हजारात एक असताना सॉल्व्हरकडून बाराव्या दशांशापर्यंत अचूकता मागण्यात अर्थ नाही. सहनमर्यादा सैल करावी, पण दर वेळी शंभरपटीनेच, आणि उत्तर हलले नाही याची खात्री करून.

जीपीयू आणि अचूकता

जीपीयूवर सर्वांत महाग पडते ती ये-जा. ए१०० या जीपीयूच्या ४० गीगाबाइटच्या आवृत्तीत स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला सुमारे १,५५० गीगाबाइट वाचता येतात, तर चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या सोळा लेनमधून एका दिशेने सुमारे ३२ गीगाबाइटच जातात. सुमारे पन्नासपट फरक. त्यामुळे कण एकदा जीपीयूवर गेले की ते तिथेच राहायला हवेत. प्रत्येक टप्प्याला फक्त जाळी ये-जा करेल, आणि सॉल्व्हरही जीपीयूवर नेता आला तर तीही नाही. प्रत्येक कणाची सगळी माहिती एकत्र ठेवण्याऐवजी प्रत्येक राशीचा स्वतंत्र अ‍ॅरे करावा, म्हणजे शेजारचे थ्रेड शेजारची मेमरी वाचतील.

प्रभार वाटताना अनेक थ्रेड एकाच बिंदूवर एकदम लिहू पाहतात. त्यासाठीची, एका वेळी एकाच थ्रेडला लिहू देणारी अ‍ॅटॉमिक बेरीज बरोबर उत्तर देते, पण गर्दीच्या बिंदूंवर रांग लागते. गंमत अशी की कण नीट लावून ठेवल्यावर वाचन वेगवान होते आणि हीच गर्दी वाढते, कारण आता शेजारचे सगळे थ्रेड एकाच पेशीत लिहितात. अशा वेळी एका पेशीचे कण आधी गटाच्या सामायिक मेमरीत बेरजेत घ्यावेत आणि मग एकदाच जाळीवर टाकावेत.

एकेरी अचूकतेचा मोह इथेच होतो. कणाचे पेशीतील सापेक्ष स्थान एकेरी ठेवायला हरकत नाही, पण बेरजा दुहेरीतच कराव्यात. एकेरी अचूकतेत १,६७,७७,२१६ या संख्येत १ मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ हेच राहते. कोट्यवधी कणांची बेरीज अशा चलात साठवली, तर नंतरचे कण मोजलेच जात नाहीत, आणि कोड एकही त्रुटी न दाखवता पुढे चालत राहतो.

लिहिण्यातला वेळ

दर ठरावीक टप्प्यांनी जॉब अडखळत असेल, तर फाइली पाहाव्यात. १०० कोटी कण, प्रत्येकी ८ राशी, प्रत्येक राशीला ८ बाइट, म्हणजे एका चेकपॉइंटला ६४ गीगाबाइट. प्रत्येक प्रोसेसने वेगळी फाइल उघडल्यास हजारो फाइलींच्या नोंदी करण्यातच फाइलव्यवस्था गुंतते; ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेले एडिऑससारखे साधन वापरले की मोजक्या प्रोसेस सर्वांच्या वतीने लिहितात. प्रत्येक टप्प्याला काढल्या जाणाऱ्या सरासऱ्या बहुधा दर १० टप्प्यांना पुरतात.

कण कमी करून वेग मिळवताना

शेवटी उरतो कण कमी करण्याचा मार्ग. गोंगाट कणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. संपूर्ण वितरणाऐवजी फक्त त्यातील विचलन कणांवर वाहणारी डेल्टा-एफ पद्धत घेतली आणि विचलन १ टक्का असेल, तर तेवढ्याच गोंगाटासाठी सुमारे १०,००० पट कमी कण पुरतात. पण विचलन मोठे असलेल्या प्लाझ्माच्या कडेला हा फायदा आटतो. कण किती कमी करावेत याला खालूनही मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन-तापमान-प्रवणतेच्या संक्षोभाबाबत २००५ मध्ये असे दाखवले गेले की कणांच्या गोंगाटाने खरा संक्षोभच दाबला जाऊन उष्णतेचे वहन खोटेच कमी दिसू शकते. आलेख शांत झाला म्हणून तो बरोबर आहे असे नव्हे.

यामुळेच प्रत्येक बदलानंतर दोन चाचण्या पुन्हा चालवाव्यात. बिटागणिक तेच उत्तर येण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण अ‍ॅटॉमिक बेरजांचा क्रम दर वेळी बदलतो आणि संक्षोभ तो फरक वाढवत नेतो. पहिली चाचणी रोझेनब्लुथ आणि हिंटन यांच्या १९९८ च्या सूत्राची: विभागीय प्रवाहाला (संक्षोभाला आवर घालणाऱ्या प्लाझ्माच्या प्रवाहाला) धक्का देऊन त्याचा किती भाग शिल्लक राहतो ते पाहावे. सुरक्षा गुणक (चुंबकीय रेषांच्या पिळाचे माप) १.४ आणि लहान-मोठ्या त्रिज्यांचे गुणोत्तर ०.१८ असेल, तर १ भागिले, १ अधिक १.६ गुणिले १.९६ भागिले ०.४२४, म्हणजे सुमारे ०.१२ उरायला हवे. दुसरी चाचणी सायक्लोन बेस केस या प्रमाण नमुन्याची: त्यात रेषीय उंबरठा (ज्यापुढे लहान विचलने वाढू लागतात ती मर्यादा) तापमान-प्रवणतेच्या ४ या मूल्याजवळ असतो, पण उष्णतेचे वहन प्रत्यक्षात ६ च्या आसपास सुरू होते. हे अंतर विभागीय प्रवाहांमुळे पडते. वेग वाढवल्यानंतर ४ आणि ६ यांच्या मधल्या प्रवणतेलाही सतत वहन दिसू लागले, किंवा ०.१२ वर स्थिरावायला हवा तो अवशेष हळूहळू शून्याकडे घसरू लागला, तर आधी बेरजांची अचूकता दुहेरी करून पाहावी, मग सॉल्व्हरची सहनमर्यादा पूर्ववत करावी, आणि तरीही फरक पडला नाही तर कणांची संख्या वाढवावी.